धुऱ्यावरची करडई आणि चिनी काढा

गेल्या संक्रांतीस आम्ही मेहकरास आमच्या वडिलोपार्जित घरीं गेलों होतों. घरांत लहानमोठीं मिळून एकवीस माणसें; पानें मांडतांना काकू अजून बोटांवर मोजदाद करतात. तिळगूळ वांटून झाला, जेवणें आटोपलीं, आणि माजघरांत मंडळी सुपारी कातरीत बसली असतां काकांनीं उशाखालून एक चकचकीत पुडकें काढून आमच्यापुढें ठेविलें. म्हणाले, "तूं त्या मासिकांत आरोग्याविषयीं लिहितोस ना? मग ह्यांत काय आहे तें वाचून सांग."

पुडकें सिंगापुराहून आलें होतें. काकांचा थोरला नातू तेथें नोकरीस असतो. गेल्या जूनांत आजोबांच्या हृदयाच्या धमनींत जाळी बसवावी लागली. तेव्हां त्यांच्यासाठीं कांहीं तरी करावें ह्या मायेनें त्यानें तेथील एका चिनी औषधांच्या दुकानांतून हा 'हृदयाचा काढा' पाठविला. हा काढा नित्य घेतल्यास कठीण झालेल्या धमन्या मऊ पडतात व त्यांतील मळ धुऊन निघतो, असें पुडक्यावर चिनी व इंग्रजी भाषेंत छापलेलें होतें. काकांनीं चिमूटभर द्रव्य तळहातावर घेतलें, नाकाशीं नेलें, आणि हंसून म्हणाले, "अरे, ही तर आपल्या धुऱ्यावरची करडी!"

आणि खरेंच, त्या चुऱ्यांतील तांबूस-केशरी पाकळ्या करडईच्या फुलांच्याच होत्या. जिचीं कांटेरी झाडें घाटावरच्या काळ्या जमिनींत ज्वारी-हरभऱ्याच्या शेताभोवतीं गुरांना आडकाठी म्हणून लावण्याची चाल आहे, जिचीं कोंवळीं पानें आमच्या घरीं भाजीला येतात आणि जिचें तेल आम्हीं लहानपणापासून खाल्लें, तीच करडई रुपेरी कागदांत गुंडाळून, समुद्र ओलांडून, हृदयाचें औषध म्हणून घरीं परत आली होती. सर्वांस मोठी मौज वाटली. ती ओसरली काकूंच्या एका वाक्यानें. त्या हळूच म्हणाल्या, "हा काढा सुरू केल्यापासून ह्यांनीं डॉक्टरांच्या गोळ्या बंद केल्या आहेत. आज सव्वा महिना झाला."

ह्या एका वाक्यासाठीं आजचें हें प्रकरण लिहावयास घेतलें आहे. आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरीं एखादे काका, एखादे आजोबा किंवा एखाद्या आत्याबाई अशा असतीलच, कीं ज्यांच्या उशाशीं एका बाजूस डॉक्टरांच्या गोळ्या व दुसऱ्या बाजूस कोणीं प्रेमानें आणून दिलेली वनस्पतींची पुडी असते, आणि एकीसाठीं दुसरी सोडावी कीं काय हा प्रश्न त्यांच्या मनांत घोळत असतो. चिनी वनस्पति धमन्यांचें रक्षण करतात काय, आणि आपल्याकडील करतात काय, ह्याचा आम्हीं यथाशक्ति शोध घेतला. तो येथें मांडतों.

प्रथम रोग काय तो समजून घेऊं. धमन्या कठीण होणें म्हणजे काय, ह्याविषयीं घरोघरीं एक ठाम कल्पना असते. न्हाणीघरांतील तांब्याच्या बंबांत जसा पाण्याचा क्षार बसतो तसा धमनीच्या पोकळींत चरबीचा थर बसतो, आणि एखादा तुरट काढा पोटांत गेला कीं चिंचेनें भांडें निघावें तसा तो निघून जातो, अशी ती कल्पना. पुडक्यावरील मजकूरही तिच्यावरच पोसलेला होता. वस्तुस्थिति निराळी आहे. हा विकार पोकळींतला नव्हे, भिंतींतला आहे. रक्तांतील कोलेस्टेरॉल वाहून नेणारे सूक्ष्म कण धमनीच्या नाजुक अस्तरांतून तिच्या भिंतींत शिरतात. त्यांना गिळण्यास पांढऱ्या पेशी येतात, गिळून गिळून फुगतात व तेथेंच मरतात. त्या अवशेषांवर तंतूंचें आवरण चढतें, कालांतरानें चुन्याचा अंश बसतो, आणि भिंत जाड व कडक होते. पावसाळ्यांत ओल मुरलेल्या भिंतीला पोपडा यावा तशी ही गत. बाहेरून घर शाबूत दिसतें. आंत गिलावा फुगलेला असतो. एके दिवशीं पोपडा फुटतो, त्या जागीं रक्ताची गुठळी जमते, आणि ती गुठळी हृदयाचा किंवा मेंदूचा रक्तपुरवठा घटकेंत बंद पाडते.

हें मुरणें वीस-तीस वर्षें मुकाट्यानें चालतें. तंबाखू, वाढलेला रक्तदाब, मधुमेह आणि रक्तांतील जास्त कोलेस्टेरॉल ह्या चार गोष्टी ही ओल वाढवितात. तेव्हां कोणत्याही औषधास, मग तें चिनेंतलें असो, काशींतलें असो कीं कारखान्यांतलें असो, आपण दोन प्रश्न विचारले पाहिजेत. पहिला, त्यानें ओल कमी होते काय? आणि दुसरा, जो पुष्कळदां विचारलाच जात नाहीं, त्यानें माणसें वांचतात काय?

चिनी वैद्यकाचें नांव काढतांच कांहीं मंडळी नाक मुरडतात. तें योग्य नव्हे. चीन आम्हां महाराष्ट्रीयांस इतका परका नाहीं. १९३८ सालीं जपानी आक्रमणांत घायाळ झालेल्या चिनी सैनिकांच्या शुश्रूषेसाठीं हिंदुस्थानांतून पांच डॉक्टरांचें पथक गेलें, त्यांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते आणि आमच्या विदर्भांतील, नागपूरचे, डॉ. चोळकरही होते. कोटणीस परत आले नाहींत. ९ डिसेंबर १९४२ रोजीं त्यांनीं तेथेंच देह ठेविला. औषधांची देवघेव तर ह्याहून कितीतरी जुनी. आपला हिरडा चिनी औषधालयांत आजही मिळतो, आणि त्याचें तेथील जुनें नांव 'हरीतकी' ह्या शब्दावरूनच बनलेलें आहे. छातीपोटाच्या वेदनेवरील त्यांच्या एका जुन्या काढ्यांत दानशेन नांवाच्या तांबड्या मुळीबरोबर आपलें चंदन असतें. दानशेनच्या हल्लींच्या गोळ्यांत भीमसेनी कापरांतील मुख्य द्रव्य घालतात.

करडईही अशीच फिरस्ती. ती मूळची पश्चिम आशियाकडील; व्यापाऱ्यांच्या वाटेनें चिनेंत पोहोंचली. आपण तिच्या बियांकडे पाहिलें, चिन्यांनीं तिच्या फुलाकडे. आपल्याकडे फुलाचा मान मुख्यतः कुसुंबी रंगापुरता होता; कृत्रिम रंग आले आणि तोही गेला. चिनी लोक तिला 'होंगह्वा', म्हणजे तांबडें फूल, म्हणतात व सांकळलेलें रक्त मोकळें करण्यासाठीं देतात. १८३० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत वांग छिंगरेन ह्या वैद्यानें छातींत रक्त सांकळल्यामुळें होणाऱ्या विकारांवर अकरा द्रव्यांचा एक काढा सांगितला. त्यांत होंगह्वा आहे आणि जेष्ठमधही आहे. दोनशें वर्षें होत आलीं, तरी तो काढा चिनेंत चालू आहे. हा वांग मोठा धडपड्या गृहस्थ. जुन्या ग्रंथांवर न विसंबतां त्यानें प्रेतें प्रत्यक्ष पाहून शरीराची रचना जाणून घेण्याचा यत्न केला. पण प्रेताच्या धमन्या बहुधा रिकाम्या असतात. त्या तशा पाहून त्यानें निष्कर्ष काढिला कीं, ह्या रक्ताच्या नव्हेत, वायूच्या नळ्या होत! डोळ्यांनीं पाहिलेलेंही फसवितें, तें असें. म्हणूनच, एखाद्या थोर वैद्यानें सांगितलें किंवा दोनशें वर्षें चाललें, एवढ्यानें औषध सिद्ध होत नाहीं.

अलीकडे प्रयोगशाळांतून करडईच्या पाकळ्यांतील पिवळ्या द्रव्याची पुष्कळ परीक्षा झाली आहे. रक्तांतील ज्या सूक्ष्म चकत्या एकमेकींस चिकटून गुठळी धरते, त्यांचा चिकटपणा हें द्रव्य कमी करतें, असें कांचेच्या नळींत व प्राण्यांत दिसून आलें. दानशेन व करडई ह्यांचा अर्क चिनी रुग्णालयांतून टोंचूनही देतात. परंतु नळींत दिसणें वेगळें आणि माणूस वांचणें वेगळें. ह्या औषधांवर झालेले बहुतेक प्रयोग लहान आहेत. पुष्कळांत कोणास खरें औषध मिळालें व कोणास नाहीं हें रोग्यास व वैद्यास अगोदरच ठाऊक होतें, आणि मग आशा डोळ्यांवर बसते. करडईच्या फुलानें धमन्यांचें रक्षण होतें, असें आज छातीठोकपणें म्हणण्यास आधार नाहीं. उलट चिकटपणा कमी होतो हें खरें धरलें, तर ज्याला रक्त गोठूं न देण्याच्या गोळ्या चालू आहेत त्यानें त्यांवर हा काढा घेतल्यास रक्तस्रावाचें भय आहे. दानशेनमुळें वॉरफरिन ह्या गोळीचा परिणाम बेसुमार वाढून रक्तस्राव झाल्याचीं उदाहरणें वैद्यकीय नियतकालिकांत नमूद आहेत. आणि गर्भिणीस तर चिनी वैद्यही होंगह्वा देत नाहींत.

आतां करडईच्या तेलाची कथा ऐकावी, कारण ती आमच्या वऱ्हाडी स्वयंपाकघरांतली आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत वनस्पतींच्या तेलांत करडईचें तेल सर्वांत अहितकर म्हणून सांगितलें आहे. आमच्या आजोबांना हें ठाऊक होतें, आणि तरीही ते करडईच्या तेलांतली फोडणी आवडीनें खात. पुढें विसाव्या शतकाच्या मध्यास पाश्चात्य शास्त्रज्ञांस आढळलें कीं, लोणी व चरबी ह्यांच्या जागीं हें तेल खाल्लें असतां रक्तांतील कोलेस्टेरॉल उतरतें. झालें! जें अहितकर तेंच हितकर ठरलें, आणि करडईचें तेल हृदयाचा कैवारी म्हणून डब्यांतून विकलें जाऊं लागलें.

पण ऑस्ट्रेलियांतील सिडनी शहरीं १९६६ ते १९७३ ह्या काळांत एक प्रयोग झाला. हृदयविकारांतून उठलेल्या ४५८ पुरुषांचे दोन गट केले. एका गटानें लोण्या-चरबीच्या जागीं करडईचें तेल व त्याचें मार्गारिन खावयाचें, दुसऱ्यानें आपलें नेहमींचें अन्न. करडईच्या गटाचें कोलेस्टेरॉल अपेक्षेप्रमाणें उतरलें. माणसें मात्र अधिक मेलीं. जुनीं टिपणें पुन्हां तपासून २०१३ सालीं जो अहवाल प्रसिद्ध झाला त्याप्रमाणें करडईच्या गटांत शंभरांत सुमारें १८ व दुसऱ्या गटांत सुमारें १२ जण दगावले होते. ह्यावर आक्षेपही पुष्कळ निघाले. प्रयोग लहान होता, मार्गारिनांत दुसरा अपायकारक मेद असावा, वगैरे. आणि अशा तेलांविषयींच्या इतर अनेक पाहण्या अनुकूल आहेत. म्हणून भगिनींनीं घरांतील करडईचें तेल ओतून देऊं नये. चरकाचार्यांची सरशी झाली असेंही आम्ही म्हणत नाहीं. त्यांचा विचार निराळ्या चौकटींतला होता. आमचें म्हणणें एवढेंच कीं, तपासणीच्या कागदावरील आंकडा उतरणें हें साधन आहे, साध्य नव्हे. तेल कोणतेंही असो, माप लहान असावें. आणि ताटांत जवसाची चटणी असावी, कारण करडईच्या तेलांत ज्या जातीच्या मेदाची उणीव आहे तो जवसांत भरपूर आहे.

मग चिनी औषधांपैकीं एकही खरें नाहीं काय? आहे, आणि त्याची गोष्ट सर्वांत बोधप्रद आहे. भातावर एक तांबडी बुरशी चढवून चिनी लोक 'लाल तांदूळ' तयार करतात. पदार्थास रंग आणण्यास व औषधासही तो शतकानुशतकें वापरला गेला. इकडे जपानांत अकिरा एंडो नांवाच्या शास्त्रज्ञानें, बुरशीच्या पोटांत कोलेस्टेरॉल रोखणारें द्रव्य असावें अशा तर्कानें, सहा हजारांच्या आसपास बुरशा तपासल्या, व १९७३ सालीं त्याला पहिलें असें द्रव्य सांपडलें. १९७९ सालीं त्यानें लाल तांदळाच्याच कुळांतील बुरशींतून दुसरें काढलें. तेंच द्रव्य १९८७ सालीं अमेरिकेंत लोव्हास्टॅटिन ह्या नांवानें औषध म्हणून मान्य झालें. आज डॉक्टर कोलेस्टेरॉलसाठीं ज्या स्टॅटिन गोळ्या देतात त्यांचा वंश हा. त्यांची कसोटी दुसऱ्या प्रश्नानेंच झालेली आहे. स्कँडिनेव्हियांतील ४,४४४ हृदयरोग्यांवर साडेपांच वर्षें चाललेल्या व १९९४ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत खोटी गोळी घेणाऱ्यांपैकीं २५६ मेले, खरी घेणाऱ्यांपैकीं १८२.

चिनेंतही लाल तांदळाच्या अर्काची अशीच मोठी परीक्षा झाली. झटका येऊन गेलेल्या सुमारें ४,८७० रोग्यांस साडेचार वर्षें तो अर्क किंवा खोटी पुडी दिली. खोटी पुडी घेणाऱ्यांत शंभरीं दहांहून अधिकांस हृदयाचा मोठा आघात झाला, अर्क घेणाऱ्यांत सहांहूनही कमी जणांस. हा निकाल २००८ सालीं प्रसिद्ध झाला. तेव्हां वाचकहो, विनोद पाहा. काका 'विलायती' गोळी टाकून 'वनस्पतींचें' औषध घेत होते, आणि सबंध चिनी औषधींत ज्याची कसोटी उत्तम लागली तें औषध म्हणजे त्यांनीं टाकलेल्या गोळीचेंच सख्खें भावंड! भेद इतकाच कीं, गोळींत द्रव्य किती तें मोजलेलें असतें. तांदळांत तें कधीं फार, कधीं नांवापुरतें. शिवाय बुरशीबरोबर काय येईल ह्याचा नेम नाहीं. २०२४ सालीं जपानांत लाल तांदळाच्या गोळ्या खाऊन अनेकांचीं मूत्रपिंडें बिघडलीं व माल परत मागवावा लागला; त्यांत नको असलेल्या बुरशीचें विषारी द्रव्य सांपडलें.

दुसरें एक उदाहरण अगदीं अलीकडचें. थोंगशिनलुओ नांवाच्या चिनी चूर्णाचा प्रयोग तेथील ३,७७७ रोग्यांवर, झटका आल्याबरोबर, करण्यांत आला. महिन्याभरांत पुन्हां मोठा आघात किंवा मृत्यु येण्याचें प्रमाण खोट्या पुडीच्या गटांत शंभरीं ५.२ तर चूर्णाच्या गटांत ३.४ आढळलें; हा निकाल २०२३ सालचा. त्या चूर्णांत चंदनाबरोबर जळू, विंचू व गोम हीं देखील असतात, त्यामुळें काकूंच्या सोंवळ्यांत त्याचा प्रवेश होणें कठीण! पण मुख्य लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, त्या प्रयोगांत डॉक्टरांचें नेहमींचें औषध दोन्ही गटांस पूर्ण दिलें होतें. चूर्ण त्याच्या जोडीला दिलें होतें, त्याच्या जागीं नव्हे.

येथवर परक्याची झडती झाली. आपल्या घरचीही घेतली पाहिजे, आणि येथें आमचा स्वतःचा एक अपराध कबूल करावयाचा आहे. गुग्गुळ आपणां सर्वांच्या परिचयाचा. सुश्रुतांतील मेदोरोगाचें वर्णन व गुग्गुळाचे गुण ह्यांवरून सूत्र धरून काशी हिंदु विश्वविद्यालयांत जी. व्ही. सत्यवती ह्या विदुषीनें सशांवर प्रयोग केले व गुग्गुळानें कोलेस्टेरॉल उतरतें असें १९६६ सालच्या आपल्या प्रबंधांत दाखविलें. पुढें त्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या महासंचालकपदापर्यंत पोहोंचल्या. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेनें त्यावर काम केलें आणि १९८० च्या दशकांत गुग्गुळाचें शुद्ध सत्त्व बाजारांत आलें. देशांत झालेल्या कांहीं प्रयोगांत गुणही दिसला. हें सर्व वाचून आमची छाती अभिमानानें भरून आली होती.

त्या अभिमानाच्या भरांत आम्हीं एकदां चिखलीच्या आमच्या आत्याबाईंस गुग्गुळाच्या गोळ्या नेऊन दिल्या. त्यांना रक्तदाब होता, कोलेस्टेरॉल होतें. "हें आपलें आहे, ह्यानें अपाय नाहीं," असें आम्हीं म्हणालों. डॉक्टरांच्या गोळ्या सोडा असें आम्हीं म्हणालों नव्हतों; पण सोडूं नका असेंही म्हणालों नाहीं. आत्याबाईंनीं त्या सोडल्या, आणि आम्हांस तें कळलें दहा महिन्यांनीं, त्यांची उजवी बाजू लुळी पडल्यावर. गोळ्या चालू असत्या तर असें घडलेंच नसतें, हें कोणीही शपथेवर सांगूं शकणार नाहीं. आत्याबाईंनीं तर आम्हांस कधीं शब्दानेंही बोल लाविला नाहीं. त्यानंतर तीन वर्षें त्या होत्या. देवापुढची घंटा त्या डाव्या हातानें वाजवीत, आणि ती वाजली कीं आमची मान खालीं जात असे.

नंतर आमच्या वाचनांत आलें कीं, अमेरिकेंत १०३ माणसांवर आठ आठवडे गुग्गुळाच्या सत्त्वाचा कसोशीचा प्रयोग होऊन २००३ सालीं त्याचा निकाल लागला होता. त्यांत वाईट कोलेस्टेरॉल उतरण्याऐवजीं शंभरीं चार-पांचांनीं वाढलें, व कांहींच्या अंगावर पुरळ उठलें. म्हणजे आम्हीं गोळ्या नेऊन दिल्या तेव्हां हें छापून झालेलें होतें. आम्हीं शोधिलें नव्हतें एवढेंच. गुग्गुळ कुचकामी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. इतर विकारांत वैद्य तो देतात, तो त्यांचा अधिकार. पण धमन्यांच्या रक्षणाची जबाबदारी त्याच्यावर टाकावी इतका पुरावा नाहीं. शिवाय मागणी वाढल्यामुळें झाडांस खोल जखमा करून डिंक काढतात व झाडें मरतात. रानांतला गुग्गुळ आज नामशेष होण्याच्या पंथास लागला आहे.

अर्जुनसादड्याविषयींही लोक विचारतात. बुलढाण्याजवळ उगम पावणाऱ्या आपल्या पैनगंगेसारख्या नद्यांच्या कांठीं वाढणाऱ्या ह्या झाडाची साल दुधांत उकळून देण्याची चाल प्राचीन आहे. इंदूर येथें, हृदय अगदीं थकलेल्या बारा रोग्यांना ती देऊन त्यांस आराम पडल्याचें १९९५ सालीं प्रसिद्ध झालें. पण बारा ही संख्या लहान. आणि तो विकार हृदयाच्या स्नायूचा, धमन्यांच्या भिंतीचा नव्हे. एका रोगाचें प्रशस्तिपत्र दुसऱ्या रोगास लावूं नये.

आतां काकांकडे वळूं. त्या संक्रांतीच्या दुपारीं आम्हीं त्यांच्याशीं वाद घातला नाहीं. वडील माणसांशीं वाद घालून गोळी पोटांत जात नसते. आत्याबाईंची हकीकत तेवढी, जशी येथें लिहिली तशी, सर्वांदेखत सांगितली. काका बराच वेळ सुपारी चघळीत बसले. मग म्हणाले, "पण वनस्पति आहे. ती काय अपाय करणार?" ह्यावर काकूच पुढें झाल्या. "धोतराही वनस्पतीच आहे," त्या म्हणाल्या, "त्याची भाजी करूं काय?" सर्वजण हंसले, काकाही हंसले, आणि मग आम्हीं हळूच सांगितलें कीं, ज्या ॲस्पिरिनला आपण विलायती म्हणून टाकलें तिचें मूळही वाळुंजाच्या सालींतलेंच. नवी जाळी बसविल्यावर पहिलें वर्ष फार नाजुक; ह्या गोळ्या बंद केल्यास जाळींतच गुठळी धरण्याचा धोका असतो. सव्वा महिना निभावला ही देवाची कृपा. तिची परीक्षा पाहूं नये.

त्याच संध्याकाळीं डॉक्टरांस दूरध्वनि केला. ते रागावले नाहींत. गोळ्या त्याच रात्रीं सुरू करण्यास सांगून त्यांनीं दुसऱ्या दिवशीं तपासावयास बोलाविलें. पुडकें बरोबर आणा म्हणाले. तें पाहून त्यांनीं सांगितलें, "रक्त गोठूं न देण्याच्या दोन गोळ्या चालू असतां हा काढा नको." काकांनीं विचारलें, "पुढें एक गोळी कमी झाल्यावर?" डॉक्टर म्हणाले, "तेव्हां पुन्हां घेऊन या, तेव्हां पाहूं." न विचारतां घेण्यापेक्षां विचारून न घेणें किती बरें, हें काकांनीं परततांना मोटारींत स्वतःच बोलून दाखविलें.

वाचकांस आमचें सांगणें थोडकें आहे. घरांतील वडील मंडळी कोणकोणतीं औषधें घेतात ह्याची एक यादी घरांतल्या कर्त्या बाईपाशीं असावी, आणि तींत काढे, चूर्णें, आसवें हींही लिहावीं. डॉक्टरांकडे जातांना ती यादी बरोबर न्यावी. वैद्यांकडे जातांना गोळ्यांचीं नांवें न्यावींत. नवें औषध सुरू करावयाचें तें जुन्याच्या जागीं कधीं करूं नये. कोणी आंकडा उतरल्याचें सांगितलें तर आनंद मानावा, पण माणसें वांचलीं काय हें विचारावें. आणि ज्या गोष्टींस ना चिनी पुडकें लागतें ना विलायती, त्या आधीं कराव्या: खर्रा व विडी घरांतून हद्दपार, लोणच्या-पापडाचें मीठ निम्म्यावर, रक्तदाब व साखर वेळोवेळीं तपासलेली, आणि रोज अर्धा तास पायीं चालणें. ओल मुरूं न देण्याचे हे उपाय कोणत्याही पुडक्यावर छापीत नाहींत, कारण ते विकतां येत नाहींत.

परदेशीं असलेल्या मुलानातवंडांसही एक शब्द. तुमची माया आम्हांस कळते. पुडकें पाठविण्याआधीं आजोबांस कोणत्या गोळ्या चालू आहेत हें एकदां विचारावें, म्हणजे ती माया अंगीं लागेल. काकांच्या नातवानें हें ऐकून घेतलें. आतां तो दर रविवारीं बोलतांना प्रथम "गोळ्या घेतल्या ना?" असें विचारतो, आणि काका लटक्या रागानें "घेतल्या रे बाबा" म्हणतात.

उरलेल्या पुडक्याचें काय झालें, हें सांगावयाचें राहिलें. काकूंना तें टाकवेना. रंगपंचमीस त्यांनीं त्यांतल्या करडईच्या पाकळ्या वेंचून घंगाळभर पाण्यांत भिजत घातल्या. पाण्यास सुरेख पिवळा रंग उतरला, आणि घरांतल्या सर्व मुलांनीं तो प्रथम काकांच्याच अंगावर उडविला.